मेजर ठरवायला मुलांना एक वर्ष द्या : कुलगुरू आणि प्राचार्यांना खुले पत्र

प्रति,
राज्यातील सर्व अकृषी विद्यापीठांचे माननीय कुलगुरू,
संलग्न महाविद्यालयांचे प्राचार्य
आणि उच्च शिक्षण विभागाचे अधिकारी यांस,

सविनय नमस्कार.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. बारावीचा निकाल लागला की आमची मुलं गुणपत्रिका घेऊन जातात आणि थोड्याच दिवसांत पदवी प्रवेशाचा अर्ज घेऊन परत येतात. त्यातली पुष्कळशी आपल्या घरातून पदवीला निघालेली पहिलीच असतात, त्यामुळे विचारायला दुसरं कोणी नसतं. पूर्वी प्रश्न असायचा, "मॅडम, बी.ए. करू की बी.कॉम.?" आता विचारतात, "मॅडम, मेजरमध्ये, म्हणजे पदवीच्या मुख्य विषयात, काय टाकू?" आणि पाठोपाठ सांगतात, "उद्या शेवटची तारीख आहे."

या प्रश्नाचं उत्तर मी देऊ नये, असं मला मनापासून वाटतं. ते त्या मुलानं, त्या मुलीनं स्वतः शोधायला हवं. त्यासाठी त्यांना थोडा वेळ हवा, खरी माहिती हवी आणि निवड चुकली तर ती बदलायची सोय हवी. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं या तिन्ही गोष्टी देऊ केल्या आहेत. आमच्या मुलांपर्यंत त्यातली एकही धडपणे पोचत नाही, म्हणून हे पत्र. माझी धाकटी मुलगीही यंदा बारावीला आहे. येत्या उन्हाळ्यात हाच अर्ज आमच्या घरातही भरला जाईल. तिला निदान विचारायला आई आहे. ज्यांना तेवढंही नाही, त्यांच्या वतीनं लिहितेय.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी धोरणाच्या विरोधात नाही. २९ जुलै २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळानं ते मंजूर केलं, तेव्हा कला आणि विज्ञान यांच्यामधली भिंत पाडायची भाषा वाचून आनंद झालेल्यांपैकी मी एक आहे. भूगोल हा विषयच दोन्हीकडे पाय ठेवून उभा आहे, त्यामुळे ही भिंत आम्हाला जास्त टोचत आलीय. आपल्या राज्यात २०२३-२४ पासून स्वायत्त महाविद्यालयांत आणि २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नवा आराखडा लागू झाला. मेजर, मायनर म्हणजे जोडीचा दुय्यम विषय, खुले ऐच्छिक विषय, कौशल्याचे विषय, मिळवलेले श्रेयांक (क्रेडिट) जमा ठेवणारी श्रेयांकांची बँक हे सगळं आलं. शास्त्राची आवड असलेल्या पोरानं अर्थशास्त्रही शिकावं, इतिहासाच्या पोरीनं संख्याशास्त्राची तोंडओळख करून घ्यावी, हे चांगलंच आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगानं डिसेंबर २०२२ मध्ये पदवीसाठी जो श्रेयांक आराखडा दिला, त्यात विद्यार्थ्याच्या बाजूनं पुष्कळ काही आहे. पहिल्या वर्षाच्या अखेरीस विद्यार्थ्याला आपल्या व्यापक विद्याशाखेत मेजर बदलता येईल, असं त्यात म्हटलंय. बदल मागणाऱ्यांसाठी मंजूर क्षमतेच्या वर दहा टक्के जागा निर्माण कराव्यात, असंही आहे. मध्येच सोडून गेलेल्यांच्या रिकाम्या जागाही अशा मुलांना देता येतील. मायनर तर विद्यार्थ्यानं वेगवेगळे विषय चाखून पाहिल्यावर, दुसऱ्या सत्राच्या शेवटी ठरवायचं आहे. हे सगळं आपण माझ्याआधी वाचलेलं आहे. ते आमच्या तालुक्यापर्यंत का येत नाही, एवढंच मला विचारायचं आहे.

माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार मेजर ठरवायच्या वेळेबद्दल आहे.

जुन्या पद्धतीत बहुतेक ठिकाणी एफवायला बसलेला विद्यार्थी तीन-चार ऐच्छिक विषय सारख्याच वजनानं शिकायचा. राज्यशास्त्राचे सर आवडले, इतिहासाचं वाचन जमेना, भूगोलाच्या प्रात्यक्षिकात नकाशे काढताना हात रमला, असं करत करत त्याचं त्यालाच कळायचं. स्पेशल विषय त्यानंतर ठरायचा. बी.एस्सी.लाही तसंच होतं. त्या पद्धतीत दोष होते, पण कुठला विषय आपला आहे हे त्या विषयाच्या वर्गात बसून कळायचं, अर्जाच्या रकान्यात नाही. आता अनेक ठिकाणी प्रवेशाच्या अर्जातच मेजर लिहून द्यावं लागतं. आयोगाच्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीतले किमान निम्मे श्रेयांक, म्हणजे १२० असतील तर ६०, मेजरचे असतात. पदवीचा निम्मा भार ज्या विषयावर, तो विषय एकही तास न ऐकता ठरवायचा.

बरं, मुलांनी तो विषय पाहिलेला तरी असतो का? बारावीपर्यंत आमच्याकडे जीवशास्त्र हा एकच विषय असतो. पदवीच्या अर्जात त्याची वनस्पतीशास्त्र, प्राणीशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान अशी चार नावं होतात. जीवशास्त्रात चांगले गुण मिळवलेली मुलगी मला विचारते, "मायक्रो घेऊ की बायोटेक?" दोन्हीकडे काय शिकवतात, प्रयोगशाळेत काय करतात, पुढे कुठे काम मिळतं, हे तिला कोणी सांगितलेलंच नसतं. बायोटेक भारदस्त वाटतं म्हणून ती ते लिहिते. कलाशाखेच्या मुलांनी आमच्याकडे मानसशास्त्र, तत्त्वज्ञान, संरक्षणशास्त्र हे विषय पाहिलेलेच नसतात, कारण आमच्या कनिष्ठ महाविद्यालयात ते नाहीत. वाणिज्यच्या मुलांची अवस्था त्यातल्या त्यात बरी, पण तिथेही सगळे अकाउंट्सलाच जातात, कारण दुसरं काय असतं ते माहीतच नसतं.

हा अर्ज आमच्याकडे भरला कसा जातो, तेही सांगते. आपल्यापैकी कोणी तो तिथे बसून भरताना पाहिला असेल असं वाटत नाही.

एसटी स्टँडसमोर एक नेट कॅफे आहे. निकालानंतर तिथे बाहेरपर्यंत रांग असते. आत दोन संगणक आणि एक थकलेला तरुण. मुलीनं गुणपत्रिका, आधार, शाळा सोडल्याचा दाखला पुढे सरकवायचा, फोटो-सही स्कॅन व्हायची, मग वडिलांच्या मोबाइलवर ओटीपी. वडील रानात, तिथे रेंज नाही, की थांबा. हे होईस्तोवर मागचे लोक कुरकुरायला लागतात. मग विषयांचं पान उघडतं. मेजर, मायनर आणि मग विषयगटांची नुसती लघुरूपं: ओई, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस, सीसी. प्रत्येकासमोर एक यादी, यादीत कोड आणि अर्धवट छापलेली इंग्रजी नावं. मुलगी पडद्याकडे बघते, तो पोरगा तिच्याकडे बघतो. "ताई, लवकर सांग." ती म्हणते, "मैत्रिणीनं काय भरलं?" तो मैत्रिणीचंच भरतो, किंवा यादीत पहिलं जे आहे त्यावर टिचकी मारतो. मायनर आणि बाकीचं तर तो न विचारताच भरतो, कारण विचारलं तरी उत्तर मिळत नाही हे त्याला माहीत आहे. त्या पोराचा यात काही दोष नाही. त्याला प्रत्येक अर्जामागे थोडे पैसे मिळतात आणि बाहेर रांग आहे.

आमची एक विद्यार्थिनी होती. भूगोलात तिला गती होती. गावाशेजारच्या पाझर तलावाचा तिनं स्वतः हिंडून नकाशा काढला होता. गाळ कुठे साचतो, कुठल्या विहिरींना उन्हाळ्यात पाणी टिकतं, सगळं नोंदवलेलं. पुढे जीआयएस, म्हणजे संगणकावरचं नकाशाशास्त्र, शिकायचं, असं आमचं बोलणं झालं होतं. वर्ग सुरू झाल्यावर तिला कळलं की तिच्या अर्जात मेजर अर्थशास्त्र पडलंय. नेट कॅफेत पडलं की तिनंच गोंधळात सांगितलं, हे तिलाही सांगता आलं नाही. महाविद्यालयात गेली तर म्हणाले, "यादी विद्यापीठाकडे गेली, आता काही होत नाही." विद्यापीठाच्या मदत क्रमांकावर म्हणाले, "महाविद्यालयानं लेखी कळवायला हवं." महाविद्यालय म्हणालं, "आम्हाला तसा आदेश नाही." तिनं अर्ज लिहिला, तो कोणी नाकारला नाही आणि कोणी त्याला उत्तरही दिलं नाही. ती आज अर्थशास्त्र शिकतेय, चांगले गुणही मिळवतेय. पण पाझर तलावाचा तो नकाशा काढलेली मुलगी भूगोलाच्या वर्गात नाही, आणि हे कोणाच्याही निर्णयानं झालेलं नाही. असं कसं चालेल?

दुसरी तक्रार, अर्जातल्या यादीत जे असतं ते महाविद्यालयात असतंच असं नाही. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विषयांची लांब यादी. महाविद्यालयाच्या माहितीपुस्तिकेत त्यातली निम्मी. प्रत्यक्ष वर्ग सुरू होतात तेव्हा कळतं की अमुक विषयाला पुरेशी मुलं आली नाहीत म्हणून तो यंदा चालणार नाही, तमुक विषयाचे सर निवृत्त झाले आणि त्यांची जागा भरलेली नाही. मग मुलांना "याला या, तेच बरं आहे" म्हणून दुसऱ्या विभागात बसवतात. खुला ऐच्छिक विषय दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यायचा, असा नियम आहे. ज्या महाविद्यालयात फक्त कला शाखाच आहे तिथे दुसरी विद्याशाखा आणायची कुठून? मग कला शाखेच्याच प्राध्यापकांवर वाणिज्याचा काहीतरी विषय सोपवला जातो. तेही बिचारे रात्री वाचून सकाळी शिकवतात.

इथे मला एक अवघड गोष्ट बोलायची आहे. बोलले नाही तर पत्र अपुरं राहील. प्रवेशाच्या दिवसांत महाविद्यालयांतले विभाग मुलं ओढतात. ज्या विषयाला मुलं कमी पडतील त्याचा कार्यभार कमी होतो, पद धोक्यात येतं, तासिका तत्त्वावर काम करणाऱ्याचं तर पोटच त्यावर असतं. म्हणून प्रवेशाच्या टेबलावर बसलेला माणूस मुलाला त्याच्या कलानं सल्ला देऊ शकत नाही. तो वाईट माणूस नसतो. मी अशा कित्येकांना ओळखते, त्यांनी वर्षानुवर्षं अपुऱ्या मानधनावर प्रेमानं शिकवलंय. पण सल्ला देणाऱ्याची नोकरी त्याच सल्ल्यावर अवलंबून असेल तर तो सल्ला मुलाच्या कामाचा राहत नाही. हे ओझं त्या प्राध्यापकांच्या खांद्यावरून काढायचं काम तुमचं आहे.

तिसरी तक्रार मेजर बदलण्याबद्दल. ती सगळ्यात सहज सुटू शकेल, आणि म्हणूनच जास्त खटकते.

विज्ञान शाखेत दर वर्षी काय होतं ते आपण सगळे जाणतो. नीटची, सीईटीची वाट बघणारी मुलं हाताशी काहीतरी असावं म्हणून बी.एस्सी.ला प्रवेश घेतात. त्यांना मेजरशी देणंघेणं नसतं. रसायनशास्त्राला सगळ्यात जास्त मागणी, कारण औषध कंपन्यांत काम मिळतं असं सगळ्यांनी ऐकलेलं असतं. म्हणून त्या जागा आधी भरतात. पुढे फार्मसीच्या, अभियांत्रिकीच्या, वैद्यकीयच्या फेऱ्या होतात आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ही मुलं एकेक करून निघून जातात. रसायनशास्त्राचा वर्ग अर्धा रिकामा होतो. त्याच वेळी शेजारच्या वर्गात जागा नाही म्हणून वनस्पतीशास्त्राला बसवलेला मुलगा रसायनशास्त्र मिळावं म्हणून हेलपाटे घालत असतो, आणि त्याला सांगितलं जातं की बदल होत नाही. जागा रिकामी आहे, प्राध्यापक आहेत, प्रयोगशाळा आहे, मुलगा दारात उभा आहे. रिकाम्या जागा बदल मागणाऱ्यांना देता येतील असं आयोगाचा आराखडा सांगतो. अडतं फक्त एवढ्यावर, की बदलाच्या अर्जाचा नमुना नाही, तारीख नाही आणि तो कोणी मंजूर करायचा हे कोणी ठरवलेलं नाही.

चुकलेलं मेजर बदलायचा उरलेला एकच मार्ग म्हणजे प्रवेश रद्द करून पुढच्या वर्षी पुन्हा एफवायला बसणं. त्यात वर्ष जातं, भरलेली फी जाते, शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाचा घोळ होतो. मुलींच्या बाबतीत त्याहून वाईट होतं. "एक वर्ष वाया गेलंच आहे, तर आता पुरे," असं घरातून म्हणायला निमित्त मिळतं. माझ्या माहितीतल्या मुलींची लग्नं अशा रिकाम्या वर्षांत झालेली आहेत.

मुलींचा विषय निघालाच आहे तर एसटीचंही सांगते, कारण मेजर ठरण्यात तिचा वाटा मोठा आहे. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत असतो. पदवीला गेलं की ती सवलत संपते, मग विद्यार्थ्यांच्या सवलतीचा मासिक पास काढावा लागतो. तो पूर्ण भाड्याच्या तुलनेत स्वस्त आहे, हे खरं. पण ज्या घरात दर महिन्याला रोख पैसे येत नाहीत तिथे मोफत आणि स्वस्त यात फार अंतर असतं. शिवाय गाडी कुठे जाते हाही प्रश्न आहे. मानसशास्त्र जिल्ह्याच्या ठिकाणी आहे आणि तिकडून परतीची गाडी उशिराची आहे, म्हणून गावाच्या वाटेवरच्या महाविद्यालयात जे आहे ते घ्यायचं. आमच्या मुलींची मेजर अशी ठरतात. हे तुम्ही एकट्यानं बदलू शकणार नाही, मला कळतं. पण "विद्यार्थ्यांनी आवडीचा विषय निवडला" असं तुमच्या अहवालात लिहाल, तेव्हा हे ध्यानात असू द्या.

चौथी तक्रार चुकीच्या माहितीची आहे. मुलं आणि पालक मेजर निवडतात ते ऐकीव गोष्टींवर. "राज्यसेवा द्यायची तर राज्यशास्त्रच घ्यायला पाहिजे," हे मी अगणित वेळा ऐकलंय. राज्यसेवेच्या बहुतेक पदांना कुठल्याही शाखेची पदवी चालते, आणि मुख्य परीक्षेचा वैकल्पिक विषय पदवीला असलाच पाहिजे असं नाही, हे मुलांना कोणी सांगत नाही. मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाल्यापासून वैकल्पिक विषयाला ५०० गुण आले आणि हा गोंधळ आणखी वाढला. उलट ज्या ठिकाणी पदवीचा विषय खरोखर आडवा येतो, तिथे मुलं बेसावध असतात. शिक्षक व्हायचं असेल तर बी.एड.ला अध्यापनाचे विषय पदवीच्या विषयांवरून ठरतात आणि पुढे भरतीतही तेच बघतात. एम.एस्सी.ला बहुतेक विद्यापीठं अजूनही त्याच विषयाची पदवी मागतात. चौथं वर्ष करून संशोधनासह ऑनर्स घ्यायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण लागतात, आणि ते वर्ष आपल्या महाविद्यालयात आहे की नाही हे आधी बघावं लागतं. एफवायला बसणाऱ्या मुलानं ही माहिती कुठे शोधायची? ती शासन निर्णयांत, परिपत्रकांत, विद्यापीठांच्या इंग्रजी पीडीएफमध्ये विखुरलेली आहे. आम्ही शिक्षकसुद्धा एकमेकांना व्हॉट्सॲपवर विचारत असतो.

आता प्राचार्यांची बाजू. वेळापत्रक बसवणं किती जिकिरीचं झालंय हे मी जवळून पाहिलंय. मेजर-मायनरच्या जोड्या वाढल्या की तास एकमेकांवर येतात, खोल्या पुरत नाहीत, परीक्षांची संख्या वाढते, आणि मंजूर पदं मात्र वर्षानुवर्षं रिकामी. शासनानं प्राध्यापक द्यायचे नाहीत आणि मुलांना निवड द्या म्हणायचं, हा प्राचार्यांवर अन्याय आहे, आणि त्यासाठी तुम्ही आवाज उठवाल तर आम्ही कनिष्ठ महाविद्यालयांचे शिक्षक तुमच्या शेजारी उभे राहू. पण पदं भरली जाईपर्यंतही बरंच काही करता येण्यासारखं आहे. काही विद्यापीठांनी पहिल्या वर्षी तीन विषय सारख्या श्रेयांकांचे ठेवून मेजर दुसऱ्या वर्षी ठरवायची सोय केलीय. तिथेही प्राध्यापक कमीच आहेत, तरी ते जमलं. मग आमच्या मुलांच्या वाट्याला ते का नाही? विद्यापीठाच्या हद्दीच्या एका बाजूला मुलगा वर्षभर विचार करून मेजर ठरवतो आणि दुसऱ्या बाजूच्या गावातला मुलगा नेट कॅफेत, एवढा फरक एका राज्यात नसावा.

माझ्या मागण्या अशा आहेत.

राज्यातल्या सर्व विद्यापीठांनी बी.ए., बी.एस्सी. आणि बी.कॉम.च्या पहिल्या वर्षी मेजर पक्कं करणं थांबवावं. तीन विषय सारख्या वजनाचे ठेवावेत आणि दुसऱ्या सत्राच्या अखेरीस विद्यार्थ्याच्या लेखी पसंतीनं मेजर व मायनर ठरवावं. बाकीच्या काही मागण्या मान्य व्हायला वेळ लागला तरी चालेल, पण ही पुढच्या प्रवेशापासूनच हवी.

ज्यांचं मेजर आधीच ठरून गेलंय त्यांच्यासाठी बदलाची रीतसर सोय करावी. आयोगानं सांगितलेल्या दहा टक्के जागा आणि रिकाम्या झालेल्या जागा विषयवार जाहीर कराव्यात. बदलाचा अर्ज मराठीत, एका पानाचा असावा. तो महाविद्यालयातच स्वीकारावा, पोच द्यावी आणि पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं. नाकारला तर कारण लिहावं. उत्तर कोणी द्यायचं, त्या अधिकाऱ्याचं पदनाम अर्जावरच छापलेलं असावं, म्हणजे मुलं महाविद्यालय आणि विद्यापीठ यांच्यामध्ये फिरत राहणार नाहीत.

प्रवेश-अर्जात कुठलाही विषय आपोआप निवडला जाऊ नये. "अजून ठरलेलं नाही" असा पर्याय असावा. सगळ्या संक्षेपांची पूर्ण नावं मराठीत द्यावीत आणि भरलेल्या विषयांचा मराठी गोषवारा विद्यार्थ्याच्या सहीशिवाय पुढे जाऊ नये. वर्ग सुरू झाल्यावर महिनाभर दुरुस्ती करता यावी. यासाठी कुठलं पद भरावं लागत नाही, संगणकप्रणालीत बदल करावा लागतो.

प्रत्येक महाविद्यालयानं बारावीचा निकाल लागण्याआधी एक पान प्रसिद्ध करावं आणि ते आसपासच्या कनिष्ठ महाविद्यालयांच्या सूचना फलकावर लावावं. यंदा कुठले विषय मेजर म्हणून नक्की चालणार, त्या विषयाला पूर्णवेळ प्राध्यापक किती, प्रयोगशाळा आहे का, कुठल्या मायनरशी जोडी बसते, चौथं वर्ष आहे का, आणि किती विद्यार्थी आले नाहीत तर विषय बंद होईल. २०२५ मध्ये बारावीचा निकाल ५ मे रोजीच लागला, म्हणजे हे पान एप्रिलअखेर तयार हवं. जे विषय या पानावर नाहीत ते अर्जातल्या यादीतही नसावेत.

एकाच शहरात किंवा तालुक्यात दोन-तीन महाविद्यालयं असतील तर मायनर आणि खुले ऐच्छिक विषय एकमेकांकडे शिकायची परवानगी द्यावी. श्रेयांकांची बँक त्यासाठीच तर आहे.

आणि शेवटची मागणी, दिवाळीनंतर एक दिवस आम्हाला द्या. प्रात्यक्षिकं आणि सराव परीक्षा सुरू व्हायच्या आत विद्यापीठानं आपले प्राध्यापक आमच्या बारावीच्या वर्गांवर पाठवावेत, पण आपल्या विभागाला मुलं मिळवायला नकोत. सूक्ष्मजीवशास्त्रवाल्यांनी एक पेट्री डिश आणावी, भूगोलवाल्यांनी जीआयएसचा एक नकाशा पडद्यावर उघडून दाखवावा, संख्याशास्त्रवाल्यांनी आमच्याच तालुक्याच्या पावसाचे आकडे घेऊन त्यातून काय निघतं ते सांगावं. सोबत आमच्याच गावाकडून गेलेले दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे विद्यार्थी आणावेत. मुलं त्यांना जे विचारतील ते आम्हाला विचारत नाहीत. वर्गखोल्या, चहा आणि जेवण आमच्याकडे लागलं. त्यासाठी आम्हाला अनुदान नको.

पुढच्या वर्षीच्या प्रवेशाची तयारी आणि परिपत्रकं उन्हाळ्याच्या तोंडावर निघतात. त्याआधी आपल्या विद्या परिषदेपुढे या मागण्या ठेवाव्यात आणि त्यातली कुठली मान्य, कुठली अमान्य आणि का, हे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मराठीत जाहीर करावं. अमान्य करायची असेल तरी कारणासकट करा, म्हणजे आम्हाला मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना काय सांगायचं ते कळेल.

कळावे,

आपली विश्वासू,
कनिष्ठ महाविद्यालयातील एक शिक्षिका